बाबांचं सहस्रचंद्रदर्शन : हॉल नको, एक दिवस बाहेर न्यायचं आहे. 35 माणसं, नागपूरहून कुठे जावं?

रिंगरोडवाली

नमस्कार मंडळी. माझ्या बाबांना 81वं चालू आहे. जानेवारीतच घरात विषय निघाला होता, पण तेव्हा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि राहून गेलं. आता दिवाळीनंतर सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय.

दादाच्या मनात एखादं लॉन आहे. तीनशे पानं, स्टेज, हार-शाल, बुफे. बाबा आयुष्यभर सगळ्यांच्या लग्नाबारशाला धावून गेले, मग त्यांच्यासाठीही लोकांनी यावं असं त्याला वाटतं, आणि ते मला समजतं. पण गेल्या वर्षी आईची पंचाहत्तरी आम्ही अशीच केली. चार तास ती स्टेजवरच्या खुर्चीत बसून होती. रांग पुढे सरकायची, फोटो निघायचा, पुढचे यायचे. तिची बालमैत्रीण पवनीहून आली होती, तिच्याशी आईचं एक वाक्य बोलणं झालं नाही. रात्री पाय सुजले. झोपताना म्हणाली, "सगळे आले, पण भेटलं कोणीच नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून मला एक दिवसाची सहल हवी आहे. फक्त घरचे, 35 जण. सगळ्यात मोठे 84 वर्षांचे काका, सगळ्यात लहान सात महिन्यांची भाची. 15 नोव्हेंबरला शुक्रवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी आहे, म्हणजे शुक्र-शनि-रवि मोकळे. पायऱ्या कमी हव्यात, सावली हवी, बाथरूम बरं हवं आणि रात्री नऊच्या आत घरी यायचंय. तुमच्या अनुभवातलं सांगा.

गडवाट

नागपूरकराला आधी रामटेकच सुचणार. पन्नासेक किलोमीटर, रस्ता चांगला, खिंडसीला पाण्याकाठी बसायला जागा. गाडी गडावर बऱ्याच वरपर्यंत जाते, तरी शेवटच्या पायऱ्या आहेतच. शिवाय तुमच्या तारखा बघा. वैकुंठ चतुर्दशीची शोभायात्रा आणि त्रिपुरी पौर्णिमेला गडावर त्रिपूर जळतो, त्या दोन-तीन दिवसांत रामटेकला पाय ठेवायला जागा नसते. ज्येष्ठांना घेऊन त्या गर्दीत जाऊ नका. नंतर कधीतरी जरूर जा, आणि तेव्हा मनसरचं उत्खनन आणि नगरधनचा किल्लाही करा. वाकाटकांचा इतिहास आपल्या अंगणात आहे आणि आपण तिथे फक्त वडे खाऊन परत येतो, याचं मला फार वाईट वाटतं.

शांत हवं असेल तर आदासा-धापेवाडा करा. आदाशाचा गणपती एका पाषाणातला, भव्य. तिथून धापेवाडा जवळ. चंद्रभागेच्या काठी विठ्ठल, कोलबा स्वामींचं स्थान. माझ्या आजीची पंढरी तीच होती. दोन्ही ठिकाणी मिळून अर्धा दिवस जातो.

काटोलकर

ताई, नोव्हेंबर म्हणजे आंबिया बहाराची संत्री. काटोल-नरखेडकडे कोणत्याही ओळखीच्या बागायतदाराकडे जा, झाडाखाली सतरंजी टाका, यापेक्षा चांगला हॉल नाही. पण एक विनंती. शहरातली मंडळी येतात आणि फळ ओढून तोडतात. ओढलं की सालाचा टवका निघतो, फळ दोन दिवसांत खराब होतं आणि फांदीलाही इजा होते. कात्रीनं देठासकट कापायचं. लेकरांना हे एकदा शिकवा, ते जन्मभर विसरत नाहीत. आणि पाण्याची पाइप तुडवू नका, ठिबकच्या नळ्या फार नाजूक असतात.

पोहे_तर्री

हुरडा पार्टी करा ना! आजोबा लोकांना हुरडा म्हणजे जीव की प्राण.

काटोलकर

दादा, कार्तिकात हुरडा कुठून आणणार? ज्वारी दाण्यात यायला डिसेंबरची अखेर तरी उजाडते. आणि खरं सांगू, आमच्याकडे आता ज्वारीच कमी. सोयाबीन, कपाशी, संत्रा. हुरड्यापुरती दोन ओळी पेरणारे आम्हीच राहिलो.

डब्यातली_भाजी

कार्तिक आहे आणि कोणी आवळी भोजनाचं नाव काढलं नाही? आवळा नवमी 10 तारखेला, पण पौर्णिमेपर्यंत कधीही चालतं. आमच्या लहानपणी महालातल्या आमच्या वाड्यातल्या सगळ्या बाया एक बैलबंडी करून निघायच्या. आवळीला हळदकुंकू, सूत गुंडाळायचं, मग तिच्या सावलीत पंगत. सावली ती कितीशी, पानं बारीक, सगळ्यांच्या अंगावर उन्हाची नक्षी पडलेली. सहल हा शब्द आम्हाला फार नंतर कळला.

स्वयंपाक तिथेच करा, डाळ-रोडगे. 35 माणसांचा माझा हिशेब असा: सात किलो गहू जाडसर दळून आणा, चपातीच्या कणकेचे रोडगे होत नाहीत. मोहन कडकडीत घाला. एकात एक असे तीन थर करून गोळा वळायचा, म्हणजे आतपर्यंत शिजतो. गोवऱ्या पेटवून आधी पूर्ण निखारा होऊ द्यायचा, धूर असेपर्यंत रोडगा टाकायचा नाही, नाहीतर कडू वास धरतो. वांगी सात-आठ किलो, बारीक काटेरी. तुरीची डाळ दोन किलो, वरून सांबार (कोथिंबीर) भरपूर, लसूण-मिरचीची फोडणी. तूप मोजू नका. ज्यांच्याकडे चंपाषष्ठीपर्यंत वांगं बंद असतं त्यांच्यासाठी आलू वेगळे ठेवा. हे विचारून घ्या, नाहीतर एखादी काकू न सांगता उपाशी बसते.

दात नसलेल्यांसाठी रोडगा गरम असतानाच डाळीत कुस्करून तुपासोबत द्यायचा. गार झाला की दगड.

रात्री_आकाश

मी पेंच सुचवणार होतो. सिल्लारीकडून गेलात तर आकाश असं दिसतं की नागपुरात वाढलेल्या मुलाला पहिल्यांदा आकाशगंगा बघून भीतीच वाटते. याच वर्षी, 2024च्या जानेवारीत पेंचला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, देशातला पहिला. पण तुमच्या तारखा पौर्णिमेच्या आहेत. पौर्णिमेच्या रात्री तारे बघायला जाणं म्हणजे श्रम वाया. ते अमावास्येच्या आसपास ठेवा, आणि थंडीचे कपडे डबल न्या.

निवृत्त_मास्तर

रिंगरोडवाली, वडिलांची नेमकी जन्मतारीख काय? शाळेतली 1 जुलै नको, खरी सांगा.

रिंगरोडवाली

मास्तर, तुम्ही बरोबर ओळखलंत. दाखल्यावर 1 जुलैच आहे. पण आजी सांगायची, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला झाला. 1944.

निवृत्त_मास्तर

मग आता ऐका, कारण ही गोष्ट मला रात्रभर झोपू देणार नाही.

सहस्रचंद्र म्हणजे हजार पूर्णचंद्र. दोन पौर्णिमांमधलं अंतर सरासरी 29 दिवस 12 तास 44 मिनिटं. हजार पौर्णिमा म्हणजे 29,530 दिवसांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ 80 वर्षं 10 महिने. पंचांगाच्या रीतीनंही ताळा पडतो. 80 वर्षांच्या बाराच्या हिशेबानं 960 पौर्णिमा. शिवाय 19 वर्षांत 7 अधिक महिने, म्हणजे 80 वर्षांत 29 ते 30. झाल्या 989-990. उरलेल्या दहा पौर्णिमांना दहा महिने. म्हणून 81वं वर्ष. साठीची उग्ररथ, सत्तरीची भौमरथी, पंचाहत्तरीची ऐंद्री या शांती वयावर ठरतात; सहस्रचंद्र मात्र चंद्राच्या हिशेबानं ठरतं.

वडील 15 जानेवारी 1944चे. त्या वर्षी पौष पौर्णिमा 10 जानेवारीला होऊन गेली होती. म्हणजे त्यांच्या आयुष्यातली पहिली पौर्णिमा माघातली, 9 फेब्रुवारीच्या सुमाराची. तिथून मोजत आलो तर हजारावी येते कार्तिक पौर्णिमा, 15 नोव्हेंबर 2024.

तुमची शुक्रवारची सुट्टी.

डब्यातली_भाजी

अंगावर काटा आला मास्तर.

रिंगरोडवाली

मी हे वाचून तशीच बसून राहिले. दादाला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "लॉनवर तर फोकस लावलेले असतात, चंद्र कुठे दिसणार." लॉनचा विषय त्यानंच मिटवला.

रात्री_आकाश

आणखी एक चांगली गोष्ट. पौर्णिमेचा क्षण मध्यरात्रीनंतर आहे, म्हणून 15 तारखेला सूर्य मावळायच्या थोडं आधीच चंद्र पूर्वेला वर आलेला असेल. सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास. साडेसहापर्यंत सगळं मनासारखं बघून होतं, म्हाताऱ्या माणसांना जागवावं लागत नाही. फक्त पूर्वेला मोकळं क्षितिज असलेली जागा निवडा. इमारत किंवा टेकडी आड आली तर तासभर थांबावं लागेल.

इंदोऱ्याचा

ताई, तुम्ही आम्हा सगळ्यांना विचारलंत. बाबांना विचारलंत का?

रागानं नाही म्हणत. आमच्याकडून हीच चूक होता होता राहिली. यंदा आजीला ऐंशी झाली. आम्ही नातवंडांनी चिखलदऱ्याचं बुकिंग करून टाकलं होतं. ती काही बोलेना. शेवटी माझ्या लहान बहिणीनं विचारलं, आजी, तुला कुठं जावंसं वाटतं? म्हणाली, दीक्षाभूमीवर. आम्ही म्हटलं, आपण तर दरवर्षी जातो. ती म्हणाली, "गर्दीत जातो. मला रिकामी असताना जायचं आहे." 14 ऑक्टोबर 1956ला ती बारा वर्षांची होती, बापाच्या खांद्यावरून तिनं बाबासाहेब पाहिले होते, लाखो लोकांच्या डोक्यांवरून. तिला ती जागा एकदा निवांत, बसून बघायची होती. आम्ही एका मंगळवारी सकाळी नेलं. दोन तास बसली. मग कामठीला ड्रॅगन पॅलेसच्या बागेत डबे उघडले. घरी परित्राणपाठ आणि खीर. खर्च किती आला विचाराल तर दोन ऑटोचं भाडं.

म्हणून म्हटलं, विचारा.

रिंगरोडवाली

विचारलं नव्हतं. कबूल करते. आम्ही सगळे मिळून त्यांना "सरप्राइज" देणार होतो.

काल रात्री जेवण झाल्यावर विचारलं. बाबा रेल्वेत फिटर होते, बोलणं मोजकं. आधी म्हणाले, तुम्ही म्हणाल तिथं. आई म्हणाली, "लेकीनं विचारलं तं सांगा ना." मग थांबून म्हणाले, "मले पाणी दाखवून आणा."

आमचं मूळ गाव कुही तालुक्यात, वैनगंगेकाठी. गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रात गेलं. मी त्या गावात लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलेली. धानाच्या बांध्या, मिरचीचं वावर, घरामागे विहीर. 1988ला राजीव गांधींच्या हस्ते धरणाचा दगड बसला तेव्हा गावातले म्हातारे म्हणायचे, आमच्या हयातीत काही पाणी येत नाही. नंतर पाणी आलं. काका पुनर्वसनाच्या गावठाणात गेले. बाबा नागपुरात नोकरीत, म्हणून त्यांनी गाव उठताना पाहिलंच नाही. तेव्हापासून ते एकदाही त्या बाजूला गेले नाहीत, आणि आम्हाला वाटायचं की त्यांना जायचं नाही.

मी म्हटलं, बाबा, आता पाण्याखाली काही दिसायचं नाही. पावसाळ्यानंतर भरलेलं असतं. ते म्हणाले, "मले गाव नाही पाह्यचं. पाणी पाह्यचं."

मोठा_जावई

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. 81व्या वर्षी, आनंदाच्या दिवशी, माणसाला त्याच्या बुडालेल्या घरासमोर नेऊन बसवायचं? बीपी असेल, हृदय असेल. उमरेड रोडवर इतकी चांगली शेतघरं आहेत. दुःखाच्या जागी वेगळ्या दिवशी जावं. माझ्या सासऱ्यांना आम्ही जुन्या घरी नेलं होतं, ते पाडून तिथे फ्लॅट झालेले. त्यानंतर ते आठवडाभर जेवले नाहीत.

बुडीत_क्षेत्र

जावईबापू, तुमचं म्हणणं चुकीचं नाही, पण सासऱ्यांना तुम्ही नेलं. यांच्या बाबांनी स्वतः मागितलं आहे. त्यात फरक आहे.

मी त्याच पट्ट्यातला. आमचंही गाव गेलं. मोबदल्याची भांडणं, प्लॉटची भांडणं, भावाभावांची तोंडं फिरली, ते सगळं मी इथे काढत नाही. एवढंच सांगतो की गाव गेलेल्या माणसाला कोणी त्या गावाबद्दल विचारतच नाही. लोकांना वाटतं, दुखेल. न विचारल्यानं जास्त दुखतं. माझा बाप मेला तोवर कोणी त्याला आमच्या बोरीच्या झाडाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. तुम्ही न्या ताई.

आता कामाचं. सोयीची जागा अंभोरा. कुही-मांढळ-वेलतूर करत जा, दोन तास धरा. निवडणुकीचा प्रचार जोरात असेल, 20ला मतदान, नाक्यांवर गाड्या तपासतात, म्हणून अर्धा तास वरचा. अंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम धरून पाच नद्यांचा संगम. वर चैतन्येश्वराचं देऊळ, मुकुंदराजांनी विवेकसिंधू इथेच लिहिला अशी आमच्याकडे श्रद्धा. जानेवारीत तो नवा केबलचा पूल सुरू झाला, भंडारा जिल्ह्यात जाणारा. सुट्टीच्या दिवशी पुलावर गर्दी असते, पण काठाकाठानं थोडं आत गेलं की शांतता. नागपूरच्या बाजूनं उभं राहिलं की पाणी पूर्वेला. म्हणजे चंद्र पाण्यावरच उगवणार. आकाशवाल्या दादांनी सांगितलं तसं.

पण पाण्यात कोणी उतरायचं नाही. पोट्टे तर नाहीच नाही. वरून पाणी शांत दिसतं, खाली चिखल, खोडं आणि जुन्या विहिरी आहेत. आमच्याच गावच्या तीन होत्या, आता त्यांची जागा कोणाला सांगता येत नाही. पोहणारा माणूसही त्यात अडकतो. आणि त्या पाण्यानं हात-तोंडही धुऊ नका. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला येतं, कन्हानमधून वैनगंगेला, आणि धरणात येऊन थांबतं. आधी आमचं गाव बुडालं आणि मग तुमच्या शहराची घाण त्यावर आली. हे मी भांडायला लिहीत नाही, पण नागपूरच्या माणसानं एकदा तिथे उभं राहून ती जलपर्णी डोळ्यांनी पाहिली पाहिजे.

रिंगरोडवाली

दादा, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली. बोरीच्या झाडापाशी थांबले.

रात्रपाळी

मी वीस वर्षं ज्येष्ठांची सेवा करते आहे, म्हणून काही गोष्टी सांगू दे. घडीची कमोड खुर्ची आणि दोन जुन्या साड्यांचा आडोसा सोबत न्या. बाथरूम लांब आहे म्हणून म्हातारी माणसं सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि चक्कर येते ती त्यानं. खुर्च्या हात असलेल्या हव्यात, सतरंजीवर बसवलं तर उठवायला दोन माणसं लागतात. इन्सुलिन घेणाऱ्यांचं ताट साडेबाराला, रोडगे झाले नसतील तर घरून आणलेली पोळी द्या, पण वेळ चुकवू नका. पाण्याकाठी संध्याकाळी गारवा एकदम उतरतो, कानटोपी आणि शाल हाताशी. दुपारी तासभर आडवं होऊ द्या. आणि गोळ्यांचा डबा एकाच माणसाच्या ताब्यात.

जावईदादांच्या काळजीत अर्थ आहे, पण मी जे पाहिलंय त्यावरून सांगते: रडू आलं म्हणून कोणाचं बीपी बिघडलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. दाबून ठेवलेल्यानं बिघडलेलं पुष्कळदा.

गडवाट

गोवऱ्या पेटवायच्या आधी झाडावर मान वर करून बघा. आग्या मोहोळ असेल तर धुरानं माश्या उठतात, आणि 84 वर्षांचा माणूस पळू शकत नाही. उंच पूल, उंच झाड, देवळाचा कळस, सगळीकडे नजर टाका.

रिंगरोडवाली (17 नोव्हेंबर)

झालं. सगळे सुखरूप घरी आलो. तुम्हा सगळ्यांना सविस्तर सांगणं माझं कर्तव्य आहे.

एक ट्रॅव्हल्स आणि दोन गाड्या. निघायला आठऐवजी साडेनऊ झाले, मांढळपर्यंत तपासणीत दोनदा थांबलो. काठापासून थोडं अलीकडे एका ओळखीच्यांच्या शेतात उतरलो. आवळी नव्हती. आईनं घरून कुंडीतलं आवळ्याचं रोप आणलं होतं, मांडीवर धरून सगळा प्रवास केला. त्याचीच पूजा केली आणि ते शेताच्या बांधावर लावून आलो. रोडगे डब्यातली_भाजी ताईंच्या मापानं केले, पुरून उरले. एक खेप आतून कच्ची राहिली, दादाला घाई झाली होती. काकांना आठवलं की जुन्या गावी रोडगे पळसाच्या पानात गुंडाळून टाकायचे. मग पोरं पळस शोधायला गेली आणि पुढची खेप पानात झाली. वास वेगळाच.

नागपूरच्या नंदनवनातून बाबांची धाकटी बहीण, आमची आत्या, आली होती. 76 वर्षांची. ती त्याच गावात जन्मली आणि तिथूनच सासरी गेली. साडेचारला सगळे काठावर गेलो. खुर्च्या मांडल्या. कोणी बोलत नव्हतं. मला वाटलं, जावईदादा म्हणाले तेच खरं होणार. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून पाण्याकडे बघत बसले. मग आत्या म्हणाली, "आपली इहीर तिकडं होती." आणि डावीकडे बोट केलं.

बाबा म्हणाले, "तिकडं नाही. तिकडं पाटलाचं वावर. इहीर इकडं."

"तुले काय माहीत, पाणी कोण भरत होतं? मी का तू?"

"इहीर खंदली तवा मी होतो."

आणि जे सुरू झालं ते तासभर थांबलंच नाही. काका उठून मध्ये पडले, त्यांचं तिसरंच मत. कोणाच्या घराला लागून कोणाचं घर, मारुतीच्या पारावर कोण बसायचं, पोळ्याला बैल कोणत्या वाटेनं फिरायचे, पुरात कोणाची म्हैस वाहून गेली आणि कुठे लागली. काठीनं मातीत नकाशा काढला, आत्यानं पायानं पुसला, पुन्हा काढला. माझा सोळा वर्षांचा भाचा, जो घरी मोबाइलमधून मान वर काढत नाही, तो कागदावर ते सगळं उतरवून घेत होता आणि मध्येच विचारत होता, "आजोबा, शाळा या बाजूला की त्या?" मी बाबांना इतकं बोलताना आयुष्यात ऐकलेलं नाही. मी पन्नास वर्षांची आहे.

या भांडणात चंद्र कधी वर आला ते आम्हाला कळलंच नाही. भाचीला कडेवर घेतलेल्या वहिनीनं हाक मारली. केशरी, मोठा, पाण्यावर एक पट्टा. दादानं 81 पणत्या आणल्या होत्या, वाऱ्यानं लागेनात. अकरा कशाबशा राहिल्या. आईनं बाबांना ओवाळलं, मग आत्यानं, मग दादानं बाबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. बाबांनी पाण्याला हात जोडले. चंद्राला की गावाला, मी विचारलं नाही.

परत येताना गाडीत झोपले ते घरीच उठले. काल सकाळी चहाच्या वेळी नॉर्मल. बीपी 130/80. रात्रपाळी ताई, तुमची कमोड खुर्ची पाच जणांनी वापरली आणि तुम्हाला आशीर्वाद दिले. बुडीत_क्षेत्र दादा, जलपर्णी पाहिली. भाच्यानं विचारलं, हे आपल्या घरातलं पाणी आहे का? बाबा हो म्हणाले.

मोठा_जावई

मी चुकलो होतो. मनापासून सांगतो. वाचून सासऱ्यांना फोन केला. जुन्या घराच्या अंगणात काय काय होतं ते विचारलं. पाऊण तास बोलले.

बुडीत_क्षेत्र

तो कागद जपून ठेवा ताई. पोराला म्हणा, शाईनं गिरवून घे.

निवृत्त_मास्तर

आत्यांची जन्मतारीख कळवा. हिशेब करून देतो.

रिंगरोडवाली

मास्तर, तिची कुठेच नोंद नाही. दाखलाही नाही, ती शाळेत गेलीच नाही. आजी एवढंच सांगायची, तान्ह्या पोळ्याला झाली. बाबांना पाचवं लागलं होतं, ते लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरत होते आणि परत आले तर घरात बहीण.

निवृत्त_मास्तर

पुरे आहे एवढं. पाचवं म्हणजे 1948. त्या वर्षी पोळा 3 सप्टेंबरच्या सुमारास, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. पहिली पौर्णिमा भाद्रपदाची. तिथून हजारावी येते ज्येष्ठाची, जून 2029. वटपौर्णिमा.

रिंगरोडवाली

आत्ताच आत्याला फोन करून सांगितलं. तिनं आधी विचारलं, जूनमध्ये म्हणजे पावसाच्या आधी ना? मी म्हटलं, हो, पाऊस लांबला तर आधीच. ती म्हणाली, "मंग तवा पाणी उतरलेलं राह्यते. तुझ्या बापाले सांगून ठेव, इहीर कुठं होती ते तवाच दिसन."